पाचव्या नंबरचा शर्ट

माझ्या वहिनीला अख्खी लीग ‘चौथी’ म्हणते. तिचं नाव विचारायचं कुणाला सुचतही नाही. ती हॉलच्या दारात दिसली की काउंटरवरून हॉलवाले काका ओरडतात, “आली चौथी! हिची लेन चालू करा रे.” ती हसते, बूट घेते आणि खांद्यावरच्या दोन पिशव्या बाकाखाली सरकवते. एका पिशवीत तिचा बॉल असतो आणि दुसऱ्या पिशवीत माझ्या दादाचा.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा आणि आमच्या टीमचा पाचवा. तीन सीझन झाले, त्याने या हॉलमध्ये पाऊल ठेवलेलं नाही.

आधीच सांगून ठेवते, माझं तोंड वाईट आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. सुजलेले गाल धरून आलेल्या लोकांना दिवसभर ‘थांबा, बसा, नंबर येऊ द्या’ म्हणायचं काम. ते गोड बोलून होत नाही, करून बघा. तेव्हा दादाबद्दल बोलताना माझा तोल गेला तर समजून घ्या. वहिनीबद्दल बोलताना जाणार नाही, निदान प्रयत्न करीन.

आमचं बॉलिंग म्हणजे क्रिकेटमधलं नव्हे. लांब, गुळगुळीत, तेल लावलेली लाकडी लेन, तिच्या पलीकडच्या टोकाला दहा पिना उभ्या, आणि हातात तीन भोकांचा जड बॉल. तो घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. एका फेरीला दोन बॉल. पहिल्यातच दहाही आडव्या झाल्या तर स्ट्राइक, दोन्ही मिळून झाल्या तर स्पेअर, आणि बॉल कडेच्या नाळीत गेला तर गटर, म्हणजे चारचौघांत शोभा. अशा दहा फेऱ्या. टीम पाच जणांची, पाचही जणांच्या गुणांची शेवटी बेरीज.

नवीन माणूस विचारतो, बेरीजच करायची तर कोण आधी आणि कोण नंतर, काय फरक पडतो? मला असल्या माणसाला धरून हलवावंसं वाटतं. अहो, फरक पडतो म्हणजे काय!

पहिली जागा ज्याला लाज नाही त्याची, म्हणून ती माझी. हॉल थंडगार असतो, तेल आज कुठे जास्त ओतलंय ते कुणाला ठाऊक नसतं, समोरची टीम हाताची घडी घालून बघत असते. मी जाते, फेकते, पडलं तर ओरडते आणि नाही पडलं तर त्याहून जोरात ओरडते. मागच्यांची भीड चेपते. दुसरा आमचा बेकरीवाला. पहाटेपासून मैदा मळून त्याचे हात असे काही निवांत झालेत की मी कितीही घोळ घालून आले तरी तो शांतपणे निस्तरतो. तिसरी जागा म्हणजे टीमची झाकलेली बाजू. कच्चा गडी तिथे लपवायचा. तिथे आमचे पोस्टमन काका. आयुष्यभर जिने चढून त्यांचे गुडघे गेलेत. “मी मधला आहे, माझ्याकडे कुणी बघू नका,” असं म्हणूनच ते बॉल उचलतात.

पाचवा शेवटचा. त्याच्यामागे कुणी नसतं. त्याने चुकवलं तर सावरायला माणूसच नाही, म्हणून तिथे सगळ्यांत थंड डोक्याचा हवा.

आणि चौथ्याचं काम म्हणजे ताट वाढून ठेवायचं. खेळ हातातून निसटत असेल तर चौथ्याने तो खेचून जागेवर आणायचा, पाचव्याच्या पुढ्यात ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. टाळ्या पाचव्याला. हे काम करायला एक विशिष्ट स्वभाव लागतो आणि तो माझ्या वहिनीत आहे. माझ्यात नाही. मी ताट वाढलं असतं तर आधी दोन घास मीच खाल्ले असते.

ती युनिफॉर्म शिवते. दवाखान्यांचे डगले, ड्रायव्हरांचे शर्ट, शाळेचे फ्रॉक. खिडकीपाशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे, भिंतीवर खिळ्याला टांगलेला टेप. टेप नुसता शोभेला आहे, असं दादा म्हणायचा, कारण ती माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप घेऊन मोकळी होते. पहिल्यांदा दादा तिच्याकडे पँट शिवायला गेला तेव्हा तिने टेप न उचलताच सांगितलं, “तुमचा उजवा खांदा उतरलाय. जड काही उचलता का?” तो म्हणाला, “बॉल.” तिला वाटलं चेष्टा करतोय. तिने त्याला दाराबाहेर काढलं. पँट मात्र शिवली, आणि ती द्यायला म्हणून हॉलवर आली. मग काय, गेली कामातून. पहिला बॉल टाकला तो सरळ गटरात, आणि वळून म्हणते कशी, “जमीन उतरती आहे तुमची.”

त्या दोघांची एक रीत होती. दहाव्या फेरीत वहिनीचा शेवटचा बॉल टाकून झाला की ती स्टँडवरून दादाचा बॉल उचलायची, टॉवेलने पुसून परत ठेवायची, आणि वळून टॉवेल पुढे धरायची. तोवर दादा बाकावरून उठलेला असायचा. तो त्या टॉवेलला हात पुसायचा, टॉवेल तिच्या खांद्यावर टाकायचा आणि पुढे जायचा. दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत. दुसऱ्या टीममधली मंडळी त्याची नक्कल करून हसायची. मीही हसायचे.

दादा क्रेन चालवतो. एका कंपनीने त्याला दूरच्या बंदरावर नेलं, म्हणाले एका वर्षाचं काम आहे. वर्षाची दोन झाली, तिसरं लागलं. आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, मग ‘इकडे रेंज नसते’. बंदरावर रेंज नसते! जिथे जगभरची जहाजं येतात तिथे याच्याच फोनला रेंज नाही. तिकडे दुसरं कुणी आहे का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि त्याचं खोटं मला लहानपणापासून एका श्वासात कळतं.

आमच्या लीगमध्ये गैरहजर खेळाडूची सोय आहे. तिला सगळे ‘ब्लाइंड’ म्हणतात. माणूस आला नाही तरी त्याची जागा राहते. त्याच्या जुन्या सरासरीतून दहा पिना कापतात आणि तो आकडा त्याच्या ओळीत आधीच मांडून ठेवतात. म्हणजे आम्ही चौघं घाम गाळायचो आणि वर पडद्यावर पाचव्या ओळीत दादाचा आकडा आरामात बसलेला. समोरची टीम म्हणायची, “आज तुमचं भूत बरं खेळलं हं.” मी कॅप्टन. चौघांवर खेळ ओढायचा म्हणजे दर वेळी दहा पिनांचा खड्डा, आणि पाचव्या जागेवर जिवंत माणूसच नाही. मी वहिनीला हात जोडले, “अगं, ब्लाइंड कुठेही टाकता येतो. त्याला तिसऱ्यात टाकू, काकांना चौथं करू, तू शेवटी ये. दादापेक्षा तू आता बरी खेळतेस.”

“पाचवी त्यांची आहे,” ती म्हणाली.

“तो इथे आहे का?”

“वन्सं,” ती म्हणाली. मला चिडवायचं किंवा गप्प करायचं असलं की ती वन्सं म्हणते. “तू कॅप्टन आहेस, हलव जागा. मग मी येत नाही.”

मी हात टेकले. ती दर आठवड्याला दोन्ही बॉल घेऊन यायची. ते काय फुलांचे हार आहेत का! एकेकाचं वजन असं की माझ्यासारखीचा खांदा उतरावा. दहाव्या फेरीत आपला शेवटचा बॉल टाकला की ती दादाचा बॉल पुसायची, टॉवेलची घडी करून बाकावर त्याच्या जागी ठेवायची आणि बूट सोडायला बसायची. मी तेवढा वेळ पडद्यावरची बेरीज पुन्हा पुन्हा करत बसायचे.

यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी दादाचा फोन आला. खुशीत होता. वहिनीने फोन स्पीकरवर टाकला होता, मी समोरच बसले होते. तो म्हणाला, “तुम्ही फायनलला पोचा. फायनलला पोचलात ना, मी येतो. दिलं वचन.” फायनलमध्ये ब्लाइंड चालत नाही, पाचही माणसं हजर लागतात, हे त्यालाही ठाऊक होतं. मला ते ऐकतानाच वाटलं, हा उगाच काहीतरी बोलतोय, आपण थोडेच फायनलला जातोय! चार माणसं आणि एक भूत घेऊन आम्ही कधी मधल्या फळीच्या वर गेलो नव्हतो.

पण वहिनीने ते शब्द धरून ठेवले. मी तिला तसं खेळताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तिचा बॉल दादासारखा वळत वगैरे नाही. मशीनवर टीप घालावी तसा सरळ जातो. यंदा तो जाऊन पिनांच्या नेमक्या पोटात बसायचा. दुकानातून ती थेट हॉलवर यायची, केसांत धाग्यांचे तुकडे तसेच, आणि आमच्या आधी तासभर एकटी सराव करायची. बेकरीवाला म्हणाला, “चौथीच्या अंगात काय आलंय?” मी म्हटलं, “नवरा.” तो हसला. मी हसले नाही.

एकेक टीम पडत गेली. सेमीफायनलला काकांनीसुद्धा लागोपाठ दोन स्ट्राइक मारले आणि घाबरून स्वतःच खाली बसले. आम्ही फायनलला पोचलो. त्या दिवशी वहिनी घरी जाताना रस्त्यात गुणगुणत होती. एकदा थांबून मला म्हणाली, “ते आले की आधी त्यांचे बूट बघायला हवेत, सोल सुटला होता.” मी म्हटलं, बघू. मला त्याच्या येण्याची खात्री नव्हती, पण तिच्या तोंडाकडे बघून माझी जीभ उचलली नाही. माझी जीभ! म्हणजे बघा.

सीझनला नवे शर्ट शिवायचं कामही तिचंच. युनिफॉर्मचं उरलेलं जांभळं कापड आणि पाठीवर जागेचा नंबर. माझा एक, बेकरीवाल्याचा दोन, असे. गेल्या दोन्ही वर्षी तिने पाचव्या नंबरचा शर्टही शिवला होता. इस्त्री करून तो कपाटात टांगून ठेवायची. यंदा फायनलसाठी नवे पाच शिवायला घेतले होते.

फायनलच्या आदल्या दुपारी दवाखान्यात माझा फोन वाजला. दादा. त्याने वहिनीला नाही, मला फोन केला. तिथेच मला कळलं.

“अगं, इकडे कामाचं जरा…” तो म्हणाला.

“येणार नाहीस.”

“ऐक तरी आधी.”

“ऐकलं. येणार नाहीस. हे तू तिला सांग.”

“तूच सांग ना. तुला बोलता येतं. ती रडली तर मला काय बोलायचं ते सुचत नाही.”

“मला बोलता येतं म्हणून सगळी घाण कामं माझ्या गळ्यात होय?” मी इतक्या जोरात ओरडले की आतून डॉक्टर बाहेर आले आणि खुर्च्यांवरच्या तीन पेशंटांनी आपली दुखणी विसरून माझ्याकडे बघितलं. “पुन्हा कधी येणार, तेवढं सांग. वर्षाने? दोन वर्षांनी?”

“बघतो,” तो म्हणाला.

मी फोन ठेवला. माझा भाऊ आहे तो. मला सायकल त्याने शिकवली, मी पडले की गुडघ्यावर फुंकर त्यानेच घातली. त्याच्यावर इतकी चिडले होते, आणि तरी तो समोर आला असता तर आधी मिठी मारली असती, मग कानफटात. त्याची आठवण मलाही येते. वहिनीपुढे ते बोलायची सोय नाही, कारण तिचं दुःख मोठं, माझं आपलं धाकटं.

संध्याकाळी तिच्या दुकानात गेले. रस्त्याने दहा वाक्यं जुळवली आणि दहाही टाकून दिली. मशीन बंद होतं. चार शर्ट घड्या घालून खुर्चीवर ठेवलेले, आणि टेबलावर पाचवा, पाठ वर करून पसरलेला. त्यावरचा पाच ती हाताने टाचत होती. मी काही न बोलता स्टुलावर बसले. उगाच काहीतरी करायचं म्हणून शर्टाची बाही उचलली.

बाही आखूड होती.

मी खांद्यांकडे बघितलं. तेही अरुंद. दादाच्या खांद्यात तसले दोन शर्ट बसले असते. मी बाही माझ्या हाताला लावून बघितली, मग तिच्या हाताकडे बघितलं.

“हा कुणाच्या मापाचा आहे?” मी विचारलं.

“माझ्या,” ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला. “काय म्हणाले फोनवर?”

“तुला कुणी सांगितलं फोन आला म्हणून?”

“तू न ओरडता आत आलीस.”

मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही, सरळ सांगून टाकलं. तिने मान हलवली. मग तिने सुई उशीत खोचली आणि शर्टावरून हात फिरवत बोलायला लागली.

“मला आधीच कळलं होतं गं. परवा कापड पसरलं. खडू घेतला. आणि त्यांच्या खांद्याचं माप काही केल्या आठवेना. मी त्यांचं माप कधी घेतलंच नाही, हातालाच माहीत होतं. डोळे मिटून बघितलं, चालताना कसे दिसतात ते आठवून बघितलं. गळा आठवला. मनगट आठवलं. खांदा येईचना.”

“मग कपाटातल्या शर्टावरून घ्यायचं!”

“काढला ना. अंथरलासुद्धा. पण ते शर्टाचं माप झालं, त्यांचं कुठे? इतक्या वर्षांत माणूस बारीक होतो, सुटतो. आत्ता ते केवढे आहेत, मला माहीतच नाही.” तिचा आवाज फुटला. “माझ्या नवऱ्याचं माप मला माहीत नाही, आणि दारातून येणाऱ्या परक्या माणसाचं मी उभ्या उभ्या सांगते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मग कापड पसरलेलं होतं, म्हणून माझ्या मापाचा कापला.”

मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, “मला ते हवे होते गं. अजून हवे आहेत. उद्या दारातून आले तर मी हा शर्ट उसवीन.” मग नाक पुसून म्हणाली, “उसवता येण्यासारखा नाही ठेवला मात्र. शिलाईला कापडच सोडलं नाही मी.”

दुसऱ्या दिवशी पाचवं माणूस म्हणून बेकरीवाल्याची बायको आली. ती कधीमधी खेळायची, तिला तिसऱ्या जागेत लपवली. पोस्टमन काकांना त्यांच्या मापाचा चौथ्या नंबरचा शर्ट दिला तर त्यांना घामच फुटला. “मला मधे राहू दे गं पोरी, माझी सवय मधली आहे.” मी म्हटलं, काका, आता लपायला जागा नाही, उठा. वहिनीने पाच नंबर अंगात घातला. शर्ट इतका नेमका बसला होता की मला बघवेना. दोन पिशव्या नेहमीसारख्या आणल्या होत्या, दोन्ही बॉल स्टँडवर ठेवले होते.

समोर फायर ब्रिगेडची टीम होती, एकेक जण दरवाज्याएवढा. नऊ फेऱ्या नीट गेल्या. मी दोनदा घाण केली, बेकरीवाल्याने निस्तरली. त्याची बायको भीतभीत का होईना, पिना पाडत राहिली. काका गुडघ्याला शिव्या देत चांगले खेळले. वहिनी प्रत्येक वेळी शेवटी उठली, खेळली, येऊन बसली. दहाव्या फेरीला फायर ब्रिगेडवाल्यांचं सगळं खेळून झालं होतं आणि ते पंचवीसेक पिनांनी पुढे होते. काकांनी दुसऱ्या बॉलवर कसाबसा स्पेअर काढला आणि शेवटच्या फेरीत त्यावर मिळणारा बोनसचा बॉलही बरा टाकला. आता उरली वहिनी. पहिल्या बॉलला स्ट्राइक हवाच होता. तो आला की दहाव्या फेरीत आणखी दोन बॉल मिळतात, आणि त्यात जमण्यासारखं होतं. सगळा हॉल आमच्या लेनमागे येऊन उभा राहिला.

वहिनी उठली. स्टँडपाशी गेली. दादाचा बॉल उचलला, टॉवेलने पुसला, नीट जागेवर ठेवला. मग वळली आणि टॉवेल बाकाकडे पुढे धरून उभी राहिली.

कुणाला काही कळेना. ती वाट बघत होती. चेहऱ्यावर काही दुःख-बिःख नव्हतं. आपलं काम झालंय आणि आता पाचव्याने उठायचंय, एवढंच. तीन सीझन ती टॉवेलची घडी करून ठेवत आली होती. पण आज तिच्या आधी चौथा खेळला होता, आज पाचवा खेळायचा होता, आणि हाताने आपली जुनी रीत परत उचलली. बाकावर दादाची जागा रिकामी होती आणि टॉवेल तिच्यासमोर लोंबत होता. काकांनी तोंडावर हात धरला. फायर ब्रिगेडचा सगळ्यांत आडदांड गडी, जो दोघांची नक्कल करायचा, तो खाली बघायला लागला.

मग तिच्या डोळ्यांत ते उतरताना मी पाहिलं. ती रिकाम्या बाकाकडे बघत होती, मग टॉवेलकडे, मग आपल्या अंगातल्या शर्टाकडे.

“अगंबाई,” ती हळूच म्हणाली, “मीच की.”

तिने त्या टॉवेलला स्वतःचे हात पुसले. अगदी सावकाश, एकेक बोट. टॉवेल आपल्याच खांद्यावर टाकला, स्वतःचा बॉल उचलला आणि गेली.

पहिल्याच बॉलला दहाही पडल्या. आवाज असा झाला की काउंटरवरचे काका उडाले. दुसऱ्यालाही दहा. तिसरा बॉल थोडा हलला, काही पिना उभ्या राहिल्या. पण जेमतेम जमलं. आम्ही जिंकलो. बेकरीवाल्याने बायकोला उचललं, काका गुडघा विसरून नाचले, मी काय ओरडले ते मला आठवत नाही.

वहिनी लेनच्या तोंडाशी उभीच होती. मी धावत गेले तर ती मागे बघत होती.

“ताट वाढलंस आणि जेवलीसही,” मी तिला हसवायला म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, “मी टाकला आणि वळले, तर मागे कुणीच नव्हतं गं. इतके दिवस नसले तरी असायचे.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा. मी तो तिच्यापुढे धरला. तिने पडद्याकडे बघितलं, फोन वाजू दिला, आणि म्हणाली, “तू बोल. मला बूट परत करायचेत.” मी फोन कानाला लावला. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, जिंकलो. तो खूश झाला, खरंच झाला, आवाजावरून कळलं. मग जरा थांबून म्हणाला, “शेवटी कोण खेळलं?”

“पाचवी,” मी म्हटलं. पुढे पुष्कळ बोलायचं होतं, ते पुन्हा कधीतरी. मी फोन ठेवला.

निघताना वहिनीने एकच पिशवी भरली. दादाचा बॉल हातात घेऊन ती हॉलच्या मोठ्या रॅककडे गेली, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सार्वजनिक बॉल असतात. तिने त्याच्या तीन भोकांत एकदा आपली बोटं घालून बघितली. ढिली होती. “कुणाच्या तरी मापाचा निघेल,” असं म्हणून तिने तो रॅकमध्ये ठेवला.

बाहेर रस्त्यावर आम्ही दोघी चालत होतो. तिच्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसरी बाजू हलकी झाल्यामुळे ती जरा तिरकी चालत होती. मोकळा हात तिने आधी खिशात घातला, मग काढला, मग पदराशी न्यावा तसा त्या नव्या शर्टाच्या बटणाशी नेला. तो कुठे ठेवायचा ते तिला कळतच नव्हतं. मग मी तो धरला.